सुखाची सरासरी आणि सुखातली विषमता : एका मोजमापाचा इतिहास

दरवर्षी २० मार्चच्या आसपास जागतिक आनंद अहवालाची बातमी येते. फिनलंड कितवा, भारत कितवा, शेजारचे देश आपल्या पुढे की मागे, यावर दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. ही यादी ज्यावर बनते तो आकडा म्हणजे प्रत्येक देशातल्या लोकांनी स्वतःच्या आयुष्याला दिलेल्या गुणांची सरासरी. फक्त सरासरी.

आता आपण सायन्सवाले. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये नुसती सरासरी लिहून पुढे प्लस-मायनस लिहिलं नाही तर त्यावर सही मिळत नाही. मग देशांच्या बाबतीत आपण सरासरीवरच का थांबतो? एका देशात पाच माणसं आहेत आणि सगळ्यांनी १० पैकी ७ गुण दिले. दुसऱ्या देशातही पाच जण आहेत, त्यांचे गुण १०, १०, १०, ३ आणि २. दोन्हीकडे सरासरी ७. बातमीत हे दोन्ही देश एकाच क्रमांकावर येतील. पहिल्या देशात प्रमाण विचलन शून्य आहे, दुसऱ्यात जवळपास ३.७. त्या शेवटच्या दोन माणसांचं आयुष्य कसं चाललंय हे सरासरीला माहीतच नाही.

आजचा लेख या दुसऱ्या आकड्याबद्दल आहे. देशांतर्गत समाधानातली विषमता मोजायला कधी सुरुवात झाली, कुणी केली, त्यावर भांडणं काय झाली, आणि त्यातून सर्व्हेवर काम करू पाहणाऱ्यांनी काय घ्यायचं. विषय अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा आहे, पण यातले सगळे पेच मोजमापाचे आहेत, त्यामुळे कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतील.

शिडी कुठून आली

या अहवालात जो प्रश्न विचारतात त्याला 'कँट्रिलची शिडी' म्हणतात. हॅडली कँट्रिल हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ. १९५०च्या दशकाच्या शेवटापासून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, क्युबा, ब्राझील, नायजेरिया, इजिप्त, इस्राएल, युगोस्लाव्हिया, जपान, फिलिपिन्स, भारत अशा अनेक देशांत सर्व्हे केले. त्यावरचं पुस्तक १९६५ साली आलं.

पद्धत साधी होती. आधी माणसाला विचारायचं, तुमच्या दृष्टीने सर्वांत चांगलं आयुष्य कसं असेल? मग, सर्वांत वाईट कसं असेल? त्यानंतर ० ते १० पायऱ्यांची शिडी दाखवायची. वरच्या टोकाला तुमचं सर्वांत चांगलं आयुष्य, खालच्या टोकाला सर्वांत वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढे तिचं काम पडणार आहे. शिडीची दोन्ही टोकं उत्तर देणारा स्वतः ठरवतो. कुणाच्या शिडीच्या टोकाला मुलांचं शिक्षण असेल, कुणाच्या टोकाला दोन एकर पाण्याखालची जमीन. कँट्रिलना हेच हवं होतं. बाहेरच्या संशोधकाने 'चांगलं आयुष्य' म्हणजे काय ते ठरवू नये, असा त्यांचा आग्रह होता. पण मग माझी सहावी पायरी आणि तुमची सहावी पायरी एकच आहे का, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागलेला आहे.

भारतातला सर्व्हे १९६२चा. भारताची सरासरी आली ३.७. अमेरिकेची ६.६. डोमिनिकन रिपब्लिकची अवघी १.६. त्या देशाचा हुकूमशहा त्रुहियो याची १९६१मध्ये हत्या झाली होती आणि देश अस्थिर होता.

ईस्टरलिन : एकाच पेपरात दोन चित्रं

कँट्रिलचे हे आकडे आज आपल्याला माहीत आहेत ते बरेचसे रिचर्ड ईस्टरलिन यांच्यामुळे. १९७४ साली त्यांनी एक प्रकरण लिहिलं, आर्थिक वाढीने माणसाचं भलं होतं का, असा साधारण त्याचा मथळा. त्यातूनच पुढे 'ईस्टरलिन विरोधाभास' हे नाव रूढ झालं.

या पेपरात दोन वेगळी चित्रं होती. पहिलं देशाच्या आतलं. कुठल्याही एका देशात, एका वेळी, श्रीमंत गट गरीब गटापेक्षा जास्त सुखी असल्याचं सांगतो. अमेरिकेच्या १९७०च्या आकड्यांत 'खूप सुखी' म्हणणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत वरच्या उत्पन्न गटात सर्वांत खालच्या गटाच्या जवळपास दुप्पट होतं. दुसरं चित्र काळाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचं उत्पन्न खूप वाढलं, पण सरासरी सुख त्या प्रमाणात वर सरकलं नाही.

पुढची तीस वर्षं सगळी चर्चा दुसऱ्या चित्राभोवती फिरली. सरासरी वाढते की नाही? वाढत नसेल तर का? यात पहिलं चित्र, म्हणजे देशाच्या आत कोण वर आणि कोण खाली, हे मागे पडलं. ते फक्त विरोधाभास सिद्ध करायला लागणारी एक बाजू म्हणून वापरलं गेलं. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे फार वेळा दिसतं. एखादा गाजलेला पेपर ज्या प्रश्नासाठी गाजतो, त्याच्या शेजारचा प्रश्न तसाच पडून राहतो. संशोधनाला विषय शोधत असाल तर गाजलेल्या पेपरांत अशा शेजारच्या जागा बघा.

पसारा मोजायचा कशाने?

हा शेजारचा प्रश्न उचलणाऱ्यांत प्रमुख नाव नेदरलँड्सचे समाजशास्त्रज्ञ रूट वेनहोव्हन यांचं. रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठात त्यांनी सुखाच्या सर्व्हेंचा एक जागतिक डेटाबेस उभा केला. त्यांचं म्हणणं असं : उत्पन्नातली विषमता, शिक्षणातली विषमता, आरोग्यातली विषमता हे सगळं आपण वेगवेगळं मोजतो. पण या सगळ्याचा माणसाच्या आयुष्यावर एकत्रित परिणाम काय झाला हे बघायचं असेल तर शेवटच्या टोकाला जाऊन समाधानातलाच पसारा मोजावा.

कल्पना पटते. पण मोजायचं कशाने? विषमता म्हटली की सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं जिनी गुणांकाचं. कोराडो जिनी यांनी १९१२मध्ये मांडलेलं हे माप उत्पन्नासाठी उत्तम चालतं. सुखासाठी चालतं का? २००५ साली विम कालमाइन आणि वेनहोव्हन यांनी वेगवेगळी मापं तपासून उत्तर दिलं की जिनी इथे योग्य नाही, प्रमाण विचलन चालेल.

का, ते एका उदाहरणात कळेल. दोन माणसं घ्या, गुण २ आणि ८. जिनी येतो ०.३०. आता तोच प्रश्न ० ते १० ऐवजी १ ते ११ अशा पट्टीवर विचारला असं समजा. तीच माणसं, तीच आयुष्यं, फक्त गुण झाले ३ आणि ९. जिनी येतो ०.२५. काहीही बदललं नाही आणि विषमता कमी झाली! उत्पन्नात शून्य रुपये म्हणजे खरोखर शून्य, त्यामुळे 'एकूण रकमेतला वाटा' या कल्पनेला अर्थ असतो. समाधानाच्या पट्टीवर शून्य कुठे ठेवायचं हे आपण ठरवलेलं असतं. एकूण सुखातला माझा वाटा किती, या वाक्यालाच अर्थ नाही. प्रमाण विचलन दोन्ही वेळा ३ येतं.

तापमान मोजताना सेल्सिअस आणि केल्विनमध्ये गुणोत्तरं का बदलतात हे ज्यांनी शिकलंय त्यांना हे लगेच पटेल. अंतर टिकतं, गुणोत्तर टिकत नाही.

त्याच वर्षी वेनहोव्हन यांनी युरोपीय देशांच्या १९७३ ते २००१ या काळातल्या युरोबॅरोमीटर सर्व्हेंवरून दाखवलं की आयुष्याच्या समाधानातला पसारा या काळात घटत गेला. आधुनिक समाजात विषमता परत येते आहे अशी त्या वेळी जोरदार चर्चा होती. उत्पन्नाचे आकडे बऱ्याच ठिकाणी तेच सांगत होते. समाधानाचे आकडे उलटं सांगत होते.

अमेरिका : सपाट रेषेच्या आत काय होतं

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा पेपर २००८ सालचा आहे. बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी अमेरिकेच्या जनरल सोशल सर्व्हेचे १९७२ ते २००६ पर्यंतचे आकडे घेतले. यात प्रश्न तीन पर्यायांचा असतो : खूप सुखी, बऱ्यापैकी सुखी, फारसे सुखी नाही.

या काळात सरासरी सुखाची रेषा जवळपास सपाट आहे. म्हणजे नुसती सरासरी बघणाऱ्याचा निष्कर्ष : ३४ वर्षांत काही घडलं नाही. पण पसारा बघितला तर बरंच काही घडलेलं होतं. उत्पन्नातली विषमता वाढत असतानाच सुखातली विषमता लक्षणीय घटली होती. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय अमेरिकनांच्या सुखातलं अंतर सुमारे दोन-तृतीयांशाने मिटलं होतं. स्त्री आणि पुरुष यांच्यातलं अंतर पूर्ण नाहीसं झालं होतं. आणि शिक्षणानुसारचं अंतर मात्र चांगलंच वाढलं होतं.

एका सपाट रेषेच्या आत तीन वेगळ्या गोष्टी, तिघींच्या दिशा वेगळ्या. आता या तिघींकडे एकेक करून बघू, कारण 'अंतर मिटलं' हे वाक्य दिसतं तितकं सरळ नाही.

स्त्री-पुरुष अंतर कुणाच्या बाजूने होतं? १९७०च्या दशकात अमेरिकन स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त सुखी असल्याचं सांगत होत्या. अंतर मिटलं ते स्त्रियांची पातळी खाली आल्यामुळे. याच दोघांनी २००९ साली त्यावर स्वतंत्र पेपर लिहिला. याच काळात शिक्षण, नोकरी, कायद्याने मिळालेले हक्क अशा बहुतेक बाहेरच्या मापांवर स्त्रिया पुढे गेल्या होत्या, तरी हे झालं. विषमतेच्या तक्त्यात ही सुधारणा म्हणून नोंदली जाते. त्या स्त्रियांना विचारलं तर त्या तिला सुधारणा म्हणतील का?

वर्णभेदाचं अंतर मिटलं ते मात्र वेगळ्या रीतीने. इथे कृष्णवर्णीयांची पातळी प्रत्यक्षात वर आली. २०१२ सालच्या पेपरात याच लेखकांनी सांगितलं की उत्पन्न, रोजगार आणि शिक्षण यांतली वर्णीय दरी फारशी मिटलेली नसताना हे घडलं, आणि उरलेलं अंतर बहुतांशी याच परिस्थितीच्या फरकांमुळे आहे. म्हणजे पुढे जायचं असेल तर प्रत्यक्ष परिस्थिती बदलावी लागेल. गंमत बघा, या पेपरात मिटलेल्या अंतराचा आकडा दोन-तृतीयांश नाही, दोन-पंचमांश आहे. तेच लेखक, तोच विषय, चार वर्षांचं अंतर. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे दोन पेपर शेजारी ठेवून फरक कुठून आला ते शोधून बघावं. एका रविवारचं काम आहे, पण एखाद्या सेमिनारपेक्षा जास्त शिकवून जाईल.

आणि तिसरी गोष्ट, शिक्षण. कॉलेजची पदवी असलेले आणि नसलेले यांच्यातली दरी वाढली. एकूण पसारा घटला म्हणून खूश होणाऱ्याला ही माणसं दिसली नसती. एकूण विचरण म्हणजे गटांमधलं विचरण अधिक गटांच्या आतलं विचरण, हे आपण अनोव्हा शिकताना पाठ करतो. दोन भाग वेगळ्या दिशेने जाऊ शकतात, आणि गटांच्या वेगवेगळ्या जोड्याही वेगळ्या दिशेने जाऊ शकतात. पाठ केलेलं सूत्र इथे माणसांबद्दल बोलायला लागतं.

आक्षेप : आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत

पहिला आक्षेप पट्टीच्या टोकांचा. ० ते १० पट्टीवर सरासरी ५ असेल तर प्रमाण विचलन जास्तीत जास्त ५ असू शकतं : अर्धे लोक शून्यावर, अर्धे दहावर. पण सरासरी ९ असेल तर ते ३च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे देश सुखी होत गेला की विषमतेला पट्टीवर जागाच उरत नाही. मग सुखी देशांत दिसणारी समानता खरी किती आणि पट्टीने पाडलेली किती? यान डेल्हाय आणि उलरिष कोलर यांनी २०११ साली यासाठी दुरुस्त केलेलं प्रमाण विचलन सुचवलं. या दुरुस्तीनंतर उत्पन्नातल्या विषमतेचा सुखातल्या विषमतेशी संबंध दिसतो असं त्यांनी मांडलं. कालमाइन आणि वेनहोव्हन यांनी या दुरुस्तीवर टीका केली. एकच डेटा, मापात एक बदल, आणि 'उत्पन्नाच्या विषमतेचा सुखाशी संबंध आहे का' या प्रश्नाचं उत्तर बदलतं. हा वाद धोरणापर्यंत पोचणारा आहे.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. 'फारसे सुखी नाही, बऱ्यापैकी, खूप' याला आपण १, २, ३ म्हणतो. पण हा फक्त क्रम आहे. १, २, १० का नाही? समजा एका गटात दोघंही 'बऱ्यापैकी सुखी' आहेत, दुसऱ्यात एक 'खूप' आणि एक 'फारसा नाही'. १, २, ३ दिले तर दोन्ही गटांची सरासरी २. १, २, १० दिले तर पहिल्याची २, दुसऱ्याची ५.५. आरोग्याच्या अशाच प्रश्नांबाबत अ‍ॅलिसन आणि फॉस्टर या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या २००४च्या पेपरात एक वाट सुचवली आहे : आकडे सोडा, मध्यक धरा, आणि लोक मध्यकापासून दोन्ही बाजूंना किती लांब विखुरलेत ते बघा. वरच्या उदाहरणात दुसरा गट जास्त विषम आहे हे आकडे कसेही दिले तरी खरंच राहतं. स्टीव्हनसन आणि वुल्फर्स यांनी दुसरी वाट धरली होती : तीन पर्यायांच्या मागे सुखाची एक सलग, न दिसणारी पातळी आहे असं मानून तिची सरासरी आणि पसारा काढायचा. पण ही पातळी कुठल्या आकाराच्या वक्रात विखुरलीय हे गृहीत धरावं लागतं. २०१९ साली टिमथी बाँड आणि केविन लँग यांनी दाखवलं की ते गृहीतक बदललं तर या क्षेत्रातले कितीतरी नावाजलेले निष्कर्ष उलटे होऊ शकतात.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत अवघड. अमर्त्य सेन वर्षानुवर्षं सांगत आले की सतत वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच छाटून टाकतो. त्यांचं एक भारतीय उदाहरण प्रसिद्ध आहे : आपण आजारी आहोत असं सांगणाऱ्यांचं प्रमाण केरळात बिहारपेक्षा कितीतरी जास्त, आणि आयुर्मानही केरळातच जास्त. ज्याने दवाखाना, शाळा बघितलीय त्याला आपलं दुखणं दुखणं वाटतं. आता कँट्रिलच्या शिडीकडे परत या. टोकं उत्तर देणाऱ्याने ठरवायची. ज्याची शिडीच आखूड झालीय तो पाचव्या पायरीवर आहे म्हणेल, आणि विषमतेच्या हिशेबात त्याचं अंतर कमी दिसेल.

अहवालापर्यंतचा प्रवास

जुलै २०११मध्ये भूतानच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुखाबद्दलचा ठराव केला, २०१२मध्ये पहिला जागतिक आनंद अहवाल आला. २०१६च्या अहवालात जॉन हेलिवेल आणि सहकाऱ्यांनी सरासरीसोबत प्रमाण विचलनानुसारही देशांची यादी दिली. सर्वांत कमी विषमता भूतानमध्ये होती, जो सरासरीच्या यादीत मधोमध होता. शेवटी होता दक्षिण सुदान. त्याच सुमारास गॉफ, हेलिवेल आणि मेराझ यांनी दाखवलं की लोकांच्या समाधानाशी उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा समाधानातल्याच विषमतेचं नातं जास्त घट्ट आहे. जिथे पसारा जास्त, तिथे समाधान कमी.

मग पसारा कमी तो देश चांगला, असं म्हणायचं का? २०२३च्या अहवालाने याचं उत्तर दिलंय. देशातला वरचा अर्धा आणि खालचा अर्धा भाग यांच्यातलं अंतर दोन प्रकारच्या देशांत कमी असतं : जिथे जवळपास कुणीच दुःखी नाही, आणि जिथे जवळपास सगळेच दुःखी आहेत, जसं अफगाणिस्तान. २०२४च्या अहवालानुसार गेल्या दशकभरात युरोप सोडून जगाच्या प्रत्येक भागात सुखातली विषमता वाढली आहे. १९७३ ते २००१चा घटता पसारा हा कायमचा नियम नव्हता.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

यातून मी स्वतः ज्या गोष्टी वहीत लिहून ठेवल्यात त्या देते.

एक, सरासरी आणि पसारा दोन्ही द्या, आणि दोन्हीच्या जोडीला वितरणाचा आलेख द्या. किती टक्के लोक ० ते ३ मध्ये आहेत हा साधा आकडा कधीकधी प्रमाण विचलनापेक्षा जास्त सांगतो.

दोन, पट्टी कुठली होती ते आधी लिहा. तीन पर्याय, चार पर्याय आणि अकरा पायऱ्या यांचे पसारे थेट एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

तीन, 'अंतर कमी झालं' हे वाक्य लिहिलंत तर लगेच पुढच्या वाक्यात सांगा की खालचे वर आले की वरचे खाली आले.

चार, निष्कर्ष किमान दोन मापांवर तपासा. एका मापावर उभा राहिलेला आणि दुसऱ्यावर पडणारा निष्कर्षही लिहिण्यासारखाच असतो. व्हायवात हाच प्रश्न येतो.

पाच, शिडीचा प्रश्न वापरणार असाल तर नुसती पायरी विचारून थांबू नका. कँट्रिलप्रमाणे आधी दोन्ही टोकांना काय आहे तेही विचारा आणि लिहून घ्या. मोठ्या सर्व्हेंत वेळेअभावी हा भाग गळतो. आपल्यासारख्या दोनशे-तीनशे लोकांच्या सर्व्हेत तो करणं शक्य आहे, आणि आखूड शिडी ओळखायची असेल तर ती माहिती तिथेच मिळेल.

पुढच्या लेखात क्रमवाचक डेटावर मध्यकाच्या साहाय्याने विषमता कशी काढायची ते एक छोटं उदाहरण सोडवून बघू. तोपर्यंत त्या दोन-तृतीयांश आणि दोन-पंचमांशाचं कोडं तुमच्याकडे.